हॅरिसन की नेबर्स? आधी पाय बघा, मग आडनाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टबद्दल, म्हणजे कॉलेजमधल्या पोरांना टीम आपापल्या नंबराने निवडून घेतात त्याबद्दल, छोटा लेख आला होता, वाचून खरंच बरं वाटलं, कारण मराठी पेपरात या खेळाला चार ओळी मिळायची पण मारामार. पण त्यातल्या दोन गोष्टी मला अजिबात पटल्या नाहीत म्हणून हे पत्र. एक तर लेखात ड्राफ्टला आयपीएलच्या लिलावासारखं म्हटलंय. आणि दुसरं, जे जास्त लागलं, ते हे की मार्विन हॅरिसन ज्युनियर हा रिसिव्हर पोरगा वडिलांच्या, म्हणजे याच खेळातल्या मोठ्या रिसिव्हरच्या, नावावर वर आला आणि फसला.

मी गेली सतरा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळ सांगलीकडचा. जायंट्स आमची टीम, त्यांचं स्टेडियम ईस्ट रदरफोर्डला, घरापासून गाडीने पाऊण तास. म्हणजे हॅरिसन माझ्या टीमचा नाही, उलट माझ्या टीमने घेतला तो मलिक नेबर्स, तरी मी हॅरिसनची बाजू घेतोय हे आधीच सांगून टाकतो.

लिलावाचं आधी उरकतो. आयपीएलमधे पैसे असतील तर बोली वाढवून पाहिजे तो खेळाडू घेता येतो. एनएफएलमधे, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधे, तसं नाही. ३२ टीम, ७ राउंड, आदल्या सीझनला जी सगळ्यात खाली होती तिचा नंबर पहिला, आणि कितव्या नंबरला घेतलं त्यावर पोराचा पगार जवळजवळ ठरूनच येतो, २०११ पासून हाच नियम आहे. पोराला कुणी विचारत नाही बाबा तुला कुठे जायचंय. वर सरकायचं असेल तर दुसऱ्या टीमला आपले पुढचे नंबर द्यावे लागतात. त्यामुळे चौथ्या नंबरवर चुकलात तर ती चूक पैशाने भरून निघत नाही, चार वर्षं तीच घेऊन बसायचं. म्हणून तर रिसिव्हर निवडताना लोक इतका कीस पाडतात.

आता रिसिव्हर म्हणजे काय ते लेखात एका वाक्यात 'पळत जाऊन बॉल पकडणारा' असं दिलंय. बरोबर आहे पण अर्धंच. पकडणं हे शेवटचं काम. त्याच्या आधी समोर कॉर्नरबॅक उभा असतो, तो पहिल्या पाच यार्डात, म्हणजे साधारण साडेचार मीटरात, याला हाताने ढकलू शकतो, अडवू शकतो, नियमातच आहे ते. त्याच्या हातातून सुटायचं, मग ठरलेल्या वाटेने पळायचं, आठ पावलांवर आत वळायचं की बारा पावलांवर थांबून मागे यायचं हे आधीच ठरलेलं, आणि नेमक्या त्या क्षणी त्या जागेवर असायचं कारण क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, बॉल आधीच सोडलेला असतो. आपल्याकडे ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना हे एका शब्दात कळेल, हूल. खांदा डावीकडे टाकायचा, समोरच्याची कंबर फिरली की उजवीकडे निसटायचं. कबड्डीत चांगला रेडर रेषा ओलांडली की लगेच धावत सुटत नाही, पाय नाचवतो, डिफेंडरचं वजन कुठल्या पायावर आहे बघतो. चांगला रिसिव्हर तेच करतो, फक्त अर्ध्या सेकंदात.

आता त्या रात्रीबद्दल. २५ एप्रिल २०२४, गुरुवार, ड्राफ्ट डेट्रॉइटला. आमच्याकडे मी, बायको आणि माझा मुलगा, तेव्हा तेरा वर्षांचा, जेवण उरकून टीव्हीसमोर बसलो होतो. त्या वर्षी तीन रिसिव्हर सगळ्यांच्या तोंडी होते. ओहायो स्टेटचा हॅरिसन ज्युनियर, लुइझियाना स्टेटचा नेबर्स, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा रोम ओडुन्झे. जायंट्सचा नंबर सहावा. पहिल्या तीन नंबरांवर क्वार्टरबॅकच जाणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि तसंच झालं, केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे. मुलगा म्हणत होता हॅरिसन खाली येऊ दे, मी म्हणत होतो मला नेबर्स चालेल, आणि आम्ही दोघं दोन महिने यावरून भांडत होतो, जेवताना, गाडीत, अगदी किराणा दुकानाच्या रांगेत पण.

तिघांचं कॉलेजचं शेवटचं वर्ष बघा. हॅरिसन ६७ कॅच, १२११ यार्ड (पास घेऊन टीमला पुढे नेलेलं अंतर), १४ टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं), वर देशातल्या सगळ्यात चांगल्या रिसिव्हरचं बिलेटनिकॉफ अवॉर्ड. नेबर्स ८९ कॅच, १५६९ यार्ड, १४ टचडाउन. ओडुन्झे ९२ कॅच, १६४० यार्ड, १३ टचडाउन, यार्डमधे त्या वर्षी देशात पहिला. नुसत्या आकड्यांवर गेलात तर ओडुन्झे एक नंबर, हॅरिसन तीन नंबर. पण जवळजवळ सगळ्यांच्या यादीत हॅरिसन वर. का? वडिलांचं नाव म्हणून? मला नाही वाटत.

ते तिघं तीन वेगळ्या जातीचे खेळाडू आहेत. हॅरिसन सहा फूट तीन इंच, आणि एवढ्या उंच माणसाला जोरात पळता पळता जागच्या जागी थांबणं फार अवघड असतं, उंच माणूस ब्रेक लावताना दोन तीन छोटी पावलं जास्त टाकतो आणि तेवढ्यात कॉर्नरबॅक पोचतो. हॅरिसन ती पावलं टाकत नाही. गुडघे वाकवून बसल्यासारखा होतो आणि वळतो. साइडलाइनवर दोन्ही पायांची बोटं आत टेकवून वरचं शरीर बाहेर झुकवून बॉल घेतो, हे मी शंभर वेळा मागे पुढे करून बघितलंय. नेबर्स सहा फूट, त्याच्यात पकडल्यानंतरची आग आहे, छोटा पास दिला तरी पहिला माणूस त्याला पाडू शकत नाही. ओडुन्झे दोन माणसांच्या मधून वर उडी मारून बॉल काढून आणणारा, आणि कष्टाळू. इंडियानापोलिसला जी चाचणी असते, कम्बाइन म्हणतात तिला, तिथे बाकीची पोरं निघून गेल्यावर पण हा पठ्ठ्या तीन कोनांभोवती वळायची टेस्ट परत परत देत होता, टाइम मनासारखा येईना म्हणून. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

हॅरिसन मात्र त्या कम्बाइनला पळालाच नाही. कॉलेजच्या टेस्टला पण नाही. चाळीस यार्डाचा त्याचा टाइम कुणाकडेच नव्हता. त्यावरून किती बोलले लोक! माज आहे, काहीतरी लपवतोय. मुलगा मला म्हणाला, बाबा, तीन वर्षांच्या मॅचेस टीव्हीवर आहेत ना, अजून काय बघायचंय यांना. आणि मला उत्तर देता आलं नाही कारण त्याचं बरोबर होतं.

या स्टॉपवॉचनेच किती टीमना फसवलंय बघा. २०१७ ला जॉन रॉस नावाचा पोरगा ४.२२ सेकंदात चाळीस यार्ड पळाला, तेव्हाचा रेकॉर्ड. सिनसिनाटीने त्याला नवव्या नंबरला घेतला. पहिल्या सीझनला त्याचे कॅच किती? शून्य. त्याच ड्राफ्टमधे कूपर कप तिसऱ्या राउंडला ६९ नंबरला गेला आणि पुढे सुपर बोलचा, म्हणजे फायनलचा, सर्वोत्तम खेळाडू झाला. मग २०२४ ला झेवियर वर्दीने ४.२१ पळून रॉसचा रेकॉर्ड मोडला, आणि त्याचं बरं चाललंय, पण तो कॅन्सस सिटीला गेला, पॅट्रिक माहोम्ससारखा बॉल टाकणारा आणि अँडी रीडसारखा कोच असलेल्या घरात. वेग कामाचा नाही असं मी म्हणत नाहीये, पण सरळ रेषेत एकट्याने पळणं वेगळं आणि समोर माणूस हात लावून उभा असताना सुटणं वेगळं.

तर त्या रात्री चौथ्या नंबरला अॅरिझोनाने हॅरिसन घेतला. मुलगा उठून आत गेला. पाचव्याला चार्जर्सने जो ऑल्ट घेतला, तो ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारा. मग आमचा नंबर. नेबर्सचं नाव आलं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायकोला वाटलं काहीतरी पडलं, आणि मुलगा दारात येऊन उभा राहिला. रडका चेहरा होता पण बघत होता. नवव्या नंबरला शिकागोने ओडुन्झे घेतला.

आता पहिल्या सीझनचे आकडे, ज्यावरून तुमच्या लेखात 'फसला' लिहिलंय. नेबर्स १०९ कॅच, १२०४ यार्ड, ७ टचडाउन, ते पण १५ मॅचमधे. पहिल्याच वर्षी एवढे कॅच त्याच्या आधी कुठल्याच वाइड रिसिव्हरने घेतले नव्हते. हॅरिसन ६२ कॅच, ८८५ यार्ड, ८ टचडाउन. ओडुन्झे ५४ कॅच, ७३४ यार्ड, ३ टचडाउन. आणि गंमत म्हणजे या तिघांच्या वर यार्डमधे गेला तो २३ व्या नंबरला जॅक्सनव्हिलला गेलेला ब्रायन थॉमस ज्युनियर, १२८२ यार्ड आणि १० टचडाउन, जो कॉलेजमधे नेबर्सच्याच टीममधे दुसऱ्या बाजूला खेळायचा. दुसऱ्या वर्षी मात्र त्याचा पण आकडा घसरला.

पण ८८५ यार्ड आणि ८ टचडाउन म्हणजे फसला? पहिल्या मॅचला हॅरिसनचा एकच कॅच होता, चार यार्डाचा, आणि दुसऱ्याच दिवशी लोकांनी त्याला मोडीत काढला. पुढच्या रविवारी रॅम्सविरुद्ध त्याने पहिल्याच क्वार्टरमधे १३० यार्ड आणि दोन टचडाउन केले. माणूस तोच, पाय तेच. तो घसरला असेल तर का घसरला ते लिहा ना, कुठल्या वाटांवर त्याला पळवलं, क्वार्टरबॅक कायलर मरेशी त्याचं टायमिंग कितपत जमलं. नुसतं नाव घेऊन मोकळं होणं बरोबर नाही. ओडुन्झेचं पण तेच, तो गेला तिथे डीजे मूर आणि कीनन अॅलन असे दोन मोठे रिसिव्हर आधीच बसलेले, क्वार्टरबॅक स्वतः नवा, आणि सीझन चालू असताना कोचला काढलं. अशा घरात २१-२२ वर्षाच्या पोराने काय करायचं? रिसिव्हर ही एकमेव अशी जागा आहे जिथे तुम्ही सगळं बरोबर केलंत, हूल दिलीत, सुटलात, हात वर केलात, तरी बॉल आलाच नाही तर कागदावर तुमच्या नावापुढे काहीच लागत नाही. टीव्हीच्या कॅमेऱ्यात पण दिसत नाही ते, कॅमेरा बॉलच्या मागे असतो.

आणि बापाच्या नावाचं म्हणता, तर बापाची गोष्ट पण लिहायला पाहिजे होती. मार्विन हॅरिसन सीनियर १९९६ च्या ड्राफ्टचा. त्या वर्षी पहिल्याच नंबरला रिसिव्हर गेला, कीशॉन जॉन्सन, जेट्सकडे. सातव्याला टेरी ग्लेन. अठराव्याला एडी केनिसन. आणि एकोणिसाव्याला इंडियानापोलिसकडे हॅरिसन, म्हणजे रिसिव्हरमधे चौथा! पुढे काय झालं? ११०२ कॅच, १४,५८० यार्ड, १२८ टचडाउन, २००२ च्या एका सीझनला १४३ कॅच हा रेकॉर्ड सतरा वर्षं टिकला, २०१६ ला हॉल ऑफ फेम. त्याच ड्राफ्टमधे तिसऱ्या राउंडला ८९ व्या नंबरला टेरेल ओवेन्स गेला, तो पण आज हॉल ऑफ फेममधे. म्हणजे ज्या घरातून हा मुलगा आलाय त्या घराला चांगलं माहितीये की त्या रात्रीच्या नंबराला किती किंमत असते. आणि बापाला पण १९९८ पासून पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक मिळाला होता हे विसरू नका, दोघं मॅच नसताना तासन्तास तीच तीच वाट घोटायचे.

दुसरं उदाहरण जे माझ्या डोक्यातून जातच नाही ते २०२० चं. फिलाडेल्फियाचा नंबर २१ वा. रिसिव्हर पाहिजे होता. समोर जस्टिन जेफरसन होता आणि त्यांनी जेलन रेगर घेतला. पुढच्याच नंबरला मिनेसोटाने जेफरसन उचलला. पहिल्या सीझनला रेगर ३१ कॅच, ३९६ यार्ड. जेफरसन ८८ कॅच, १४०० यार्ड. जेफरसनबद्दल तेव्हा शंका काय होती माहितीये? की शेवटच्या वर्षी तो जास्त करून आतल्या बाजूला, स्लॉटमधे खेळला, तिथे समोर छाताडावर कॉर्नरबॅक कमी असतो, मग बाहेर कडेला याला सुटता येईल का. शंका चुकीची नव्हती, प्रश्न बरोबरच होता. पण उत्तर त्याच्या पायात होतं, ज्यांनी ते पाय शांतपणे बघितले त्यांना कळलं. २०२४ च्या जूनमधे मिनेसोटाने त्याला चार वर्षांचे १४ कोटी डॉलर दिले.

मी जर जायंट्सच्या खुर्चीवर असतो आणि तिघंही समोर असते तर? मी आज पण नेबर्सच घेईन, आणि कारण हॅरिसन कमी आहे हे नाही. कारण आमच्याकडे बॉल टाकणाराच धड नव्हता. त्या २०२४ च्या सीझनला आमच्याकडून चार क्वार्टरबॅक खेळले आणि १७ पैकी ३ मॅच जिंकलो. अशा टीमला असा रिसिव्हर पाहिजे ज्याला पाच यार्डाचा लंगडा पास दिला तरी तो पंधरा करून देईल. हॅरिसनला पाहिजे असतो वेळेवर आणि नेमक्या जागी येणारा बॉल, तो आमच्याकडे आला असता तर उपाशी मेला असता. निवड करताना पोरगा कसा आहे एवढंच नाही, आपलं घर कसं आहे ते पण बघायचं असतं. स्थळ बघताना दोन्ही घरं बघतात ना, तसंच.

नेबर्सची एक मॅच सांगतो. दुसरा आठवडा, वॉशिंग्टनला. आमचा किकर पहिल्याच किकला जखमी झाला, त्यामुळे टचडाउनवरचे जादा पॉइंट हुकले आणि तीन टचडाउन करून पण १८ च पॉइंट. नेबर्सचे १० कॅच, १२७ यार्ड, एक टचडाउन. आणि शेवटी, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, चार यार्ड पाहिजेत, बॉल त्याच्या हातात आला आणि सुटला. २१-१८ ने हरलो. एकवीस वर्षाचा पोरगा, नंतर सगळ्यांसमोर म्हणाला चूक माझी. आमच्या घरात कुणी बोलेना. मग माझा मुलगा, जो दोन महिने हॅरिसन हॅरिसन करत होता, तो म्हणाला, बाबा, तो मोकळा होता म्हणून तर बॉल त्याच्याकडे आला. मला त्या दिवशी वाटलं की पोराला खेळ कळायला लागला.

नंतर २८ सप्टेंबर २०२५ ला चार्जर्सविरुद्ध, आपल्याच मैदानावर, लांबच्या बॉलसाठी नेबर्सने उडी मारली आणि उजव्या गुडघ्यातला लिगामेंट फाटला. ती मॅच आम्ही जिंकलो, २१-१८ च स्कोअर, पण घरी येताना गाडीत कुणी रेडिओ लावला नाही. आता लोक म्हणतात बघा, हॅरिसन घ्यायला पाहिजे होता. हे पण मला पटत नाही. गुडघा फाटला म्हणून निवड चुकीची ठरत नाही, जसं पहिल्या मॅचला चार यार्ड केले म्हणून हॅरिसन चुकीचा ठरत नाही.

एप्रिल २०२६ चा ड्राफ्ट पिट्सबर्गचा. परत तीन नावं चाललीयेत, ओहायो स्टेटचा कार्नेल टेट, यूएससीचा मकाई लेमन, अॅरिझोना स्टेटचा जॉर्डिन टायसन. तुमच्याकडे कुणी यावर लिहिणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे की कोण पहिला कोण दुसरा एवढंच छापू नका. टेटच्या दुसऱ्या बाजूला जेरेमाया स्मिथ खेळायचा, सगळा डिफेन्स त्या स्मिथकडे बघत असताना टेट किती मोकळा असायचा आणि एकटा असता तर किती राहिला असता, हा खरा प्रश्न आहे, तो लिहा. लेमन आतल्या बाजूला जास्त दिसतो, मग जेफरसनसारखीच शंका त्याच्यावर येणार, ती लिहा. इथे न्यू जर्सीत, टेक्सासमधे, बे एरियात कितीतरी मराठी घरातली पोरं आता फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची) खेळतात, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे पण तो खेळ आहे, आणि त्यांचे आजी आजोबा तुमचा पेपर वाचतात. आजोबांना नातवाशी बोलायला काहीतरी मिळेल.

माझा मुलगा पण खेळतो. त्याच्या टीमच्या निवडीला स्टॉपवॉच लावलं होतं आणि तो हळू निघाला, राखीवमधे बसवला. आता आम्ही रोज संध्याकाळी घरामागच्या गवतावर पाच यार्डावर एक बादली उलटी ठेवतो, मी कॉर्नरबॅक म्हणून समोर उभा राहतो आणि तो मला चुकवायचा प्रयत्न करतो. महिन्याभरापूर्वी दहातले आठ वेळा मी त्याला पकडत होतो. काल तीनदाच पकडला.

आपला,
एक जुना वाचक
एडिसन, न्यू जर्सी